बिथरलेल्या पोरांचं निवासी घर कसं चालवायचं: पहिल्या फोनपासून तो घर सोडून जाईपर्यंत

फोन बहुतेक वेळा संध्याकाळी उशिरा येतो. एक मुलगा आहे, पंधरा वर्षांचा, आधीच्या दोन ठिकाणी टिकला नाही, हात उचलतो, आज रात्रीपुरता ठेवून घ्याल का. आपल्याकडे एक पलंग रिकामा असतो, फोनवरचा माणूस दमलेला असतो आणि आपण हो म्हणून टाकतो. मी पण असं हो म्हटलेलं आहे आणि त्याचा त्रास आत आधीपासून राहणाऱ्या मुलांना झाला, म्हणून सुरुवात या फोनपासूनच करतो.

त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आपल्याकडे येणारी बहुतेक पोरं अशा मोठ्या माणसांमध्ये वाढलेली असतात ज्यांचा अंदाजच बांधता यायचा नाही, म्हणजे एकाच चुकीवर सोमवारी हसणार, मंगळवारी पट्टा काढणार आणि बुधवारी दोन दिवस घरातच नसणार. असं वाढलेलं पोर सतत चेहरे वाचत असतं, आणि वाचता आलं नाही की खडा टाकून बघतं, म्हणजे मुद्दाम काहीतरी करतं, कारण मार कधी पडणार हे माहीत नसण्यापेक्षा तो आत्ताच पडलेला परवडतो. म्हणून निवासी घराचं पहिलं काम मुलाला सुधारणं हे नाही. त्याला आपला अंदाज बांधता आला पाहिजे, हे पहिलं काम. बाकी सगळं, काउन्सेलिंग, शाळा, नियम, त्याच्यानंतर.

पायरी १: हो म्हणायच्या आधी

संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी देखभालीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यांच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत: याला घरच्यांपासून दूर ठेवायची खरंच गरज आहे का, आणि असेल तर हीच जागा याच्यासाठी योग्य आहे का. लोक पहिल्याचं उत्तर मिळालं की थांबतात. दुसरा प्रश्न आपला आहे आणि तो आपणच विचारायचा, कारण पाठवणाऱ्याला फक्त पलंग दिसतो आणि आत झोपलेली बाकीची सहा पोरं आपल्याला दिसतात.

कोण कोणासोबत राहणार हे फार महत्त्वाचं असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा अभ्यास सुरू झाला, ५०६ मुलं, निम्म्यांना काउन्सेलर, अभ्यासात मदत, समर कॅम्प वगैरे सगळं आणि निम्म्यांना काहीच नाही. तीसेक वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा परत माग काढला तर मदत मिळालेली मुलं कितीतरी बाबतीत उलट जास्त अडचणीत सापडलेली निघाली, आणि १९९९ मध्ये थॉमस डिशियन आणि फ्राँस्वा पूलँ यांच्यासोबत लिहिताना त्यांनी दाखवलं की जास्त नुकसान झालं ते एकापेक्षा जास्त वेळा समर कॅम्पला पाठवलेल्यांचं. त्यांचं म्हणणं असं की बिघडायच्या वाटेवरची पोरं मोठ्यांच्या नजरेआड एकत्र ठेवली की एकमेकांना हसून दाद देतात, आणि ज्याला दाद मिळते ते वाढतं. याचा अर्थ निवासी घरं बंद करा असा मी घेत नाही. मी एवढाच घेतो की घर लहान ठेवा, सहा ते आठ मुलं, त्याच्या वर नको, आणि पोरं जिथे असतील तिथे मोठं माणूस असू दे, पाळत ठेवायला नाही, सोबत बसायला.

पाठवणाऱ्याला विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलेत. शेवटचा भडका कधी उडाला आणि त्याच्या तासभर आधी काय झालं होतं? तो शांत कशाने होतो? झोप कशी आहे? औषधं कुठली, फिट येतात का, दमा आहे का? स्वतःला इजा केलीय का, जीव द्यायचा प्रयत्न केलाय का? दुसऱ्या मुलाला लैंगिक त्रास दिलाय किंवा त्याला कोणी दिलाय का? कोणाशी बोलला की खुलतो आणि कोणाशी अजिबात बोलू द्यायचं नाही? यातला दुसरा प्रश्न विचारला की पलीकडे शांतता पसरते, कारण फाइलमध्ये त्याने काय काय फोडलं ते सगळं असतं आणि तो कशाने शांत होतो हे कोणी लिहिलेलंच नसतं. मग आधीच्या घरातल्या नाइट ड्युटीवाल्याला किंवा स्वयंपाकघरातल्या माणसाला फोन लावा, त्यांना माहीत असतं.

अजून एक, डोळे आणि कान तपासून घ्या. आणि भाषा. उद्धट म्हणून शिक्का बसलेल्या बऱ्याच पोरांना लांब वाक्य समजतच नाही, चार सूचना एकदम दिल्या तर पहिली आणि शेवटची डोक्यात राहते. बालगुन्हेगारीच्या यंत्रणेत पोचलेल्या मुलांमध्ये असे न ओळखलेले भाषेचे अडथळे खूप मोठ्या प्रमाणात असतात, हे वेगवेगळ्या देशांत परत परत दिसून आलंय. म्हणून मी आता 'ऐकत नाही' असं लिहिलेलं दिसलं की आधी 'समजतं का' हे बघतो.

पायरी २: पहिला दिवस आणि पहिले तीन दिवस

तो येतो तेव्हा बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेऊन येतो. घरात एक-दोन चांगल्या बॅगा कायम ठेवा आणि पहिल्याच दिवशी एक त्याच्या नावाची करून द्या. ही गोष्ट छोटी वाटेल पण माझ्या अनुभवात हिच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

दारात सगळ्यांनी गोळा व्हायचं नाही. एकच माणूस, तोच पहिले तीन दिवस त्याच्या आसपास राहील असा, आणि शिफ्ट तशी लावा. नाव विचारा आणि त्याला काय म्हणून हाक मारलेली आवडते तेही विचारा. मग पाणी, खायला, बाथरूम कुठे, झोपायचं कुठे, रात्री जाग आली आणि भीती वाटली तर कोणाला उठवायचं आणि तो माणूस कुठे बसलेला असतो. नियमावली वाचून दाखवू नका, त्या रात्री त्याच्या डोक्यात काही शिरत नसतं. तीनच गोष्टी सांगायच्या: इथे कोणी तुला मारणार नाही, तू पण कोणाला मारायचं नाही, आणि उद्या सकाळी काय काय होणार आहे. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे सांगाल ते सकाळी तसंच झालं पाहिजे. नाश्ता आठला सांगितला तर आठलाच.

सामान तपासायचं असेल तर त्याच्यासमोर, दोघांनी, आधी सांगून, आणि काय काढून घेतलं ते लिहून त्याची सही घेऊन. अंगझडती म्हणून कपडे उतरवायला लावू नका. ज्या पोरावर अत्याचार झालाय त्याच्यासाठी ते परत तेच असतं, आणि कोणावर झालाय हे पहिल्या दिवशी आपल्याला माहीत नसतं.

पहिले दोन आठवडे बरेचदा फार छान जातात, मुलगा ताटं उचलतो, सर सर करतो, आणि नवीन स्टाफ म्हणतो की अहो फाइलमध्ये काय काय लिहिलंय, हा तर गुणी आहे. थांबा. तो अजून पाणी जोखतोय. खरा मुलगा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो, आणि तेव्हा जो भडका उडतो त्याचा अर्थ बिघडला असा नसतो, उलट आता इथे खडा टाकून बघायला हरकत नाही असं त्याला वाटायला लागलेलं असतं. नेमकं याच टप्प्यावर बरीच घरं त्याला परत पाठवतात, मग तो पुढच्या घरात तेच करतो, अजून जोरात.

पायरी ३: घर, दिवस, झोप

जागेबद्दल थोडक्यात. प्रत्येकाला स्वतःची खोली, ते जमत नसेल तर निदान स्वतःचं कुलूपबंद कपाट. लटकायला वापरता येतील असे हुक आणि बार काढून टाका. कोपरे असे ठेवा की कोणी कोणाला गाठू शकणार नाही. आणि फुटलेली काच, मोडलेलं दार लगेच दुरुस्त करा, कारण आठवडाभर मोडकं दार बघत राहणं म्हणजे मुलाला रोज आपला राग समोर बघायला लावणं.

दिवसाचा आराखडा भिंतीवर लावा, शब्दांबरोबर चित्रंही. आणि त्या दिवशी शिफ्टला कोण आहे त्यांचे फोटो. आमच्याकडे हे सुरू केल्यावर मुलं सकाळी उठून आधी तो बोर्ड बघायची आणि मगच तोंड धुवायला जायची, तेव्हा कळलं की आज कोण असणार हा प्रश्न त्यांच्यासाठी केवढा मोठा आहे.

झोपेवर भांडणं खूप होतात, म्हणून हे लक्षात घ्या की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा यायला लागते, तो आळस नसतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. त्यात ज्याला रात्रीच मारलेलं आहे किंवा रात्रीच कोणी जवळ आलेलं आहे, त्याला अंधार पडला की झोप कशी येणार. झोपण्याआधीचा तास सावकाश ठेवा, स्क्रीन बाहेर जमा, हवा तर मंद दिवा चालू राहू दे, आणि नाइट ड्युटीचा माणूस जागा आणि दिसेल असा हवा. एका मुलाने मला एकदा सांगितलं की मी झोपायचं नाटक करून बघायचो, तुम्ही खरंच खुर्चीत बसलेले असता का ते.

पायरी ४: नियम कमी, शिक्षा अजून कमी

भिंतीवर बावीस नियम असलेलं घर मी पाहिलंय, त्यातले अर्धे स्टाफलाही पाठ नव्हते, त्यामुळे ज्याला जे आठवेल ते तो लावायचा. पाच नियम पुरतात, पण ते पाचही सगळ्या शिफ्टला सारखे.

पॉइंट सिस्टिमबद्दल, म्हणजे चांगलं वागलं की पॉइंट द्यायचे आणि चुकलं की कापायचे याबद्दल, लोक नेहमी विचारतात. १९६७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससमध्ये अचिव्हमेंट प्लेस नावाचं घर सुरू झालं, तिथे एक जोडपं मुलांसोबत घरासारखं राहायचं आणि पॉइंट्स देऊन रोजची कौशल्यं शिकवायचं, त्यातूनच पुढे टीचिंग-फॅमिली मॉडेल उभं राहिलं. बऱ्याच लोकांनी त्यातले पॉइंट्स तेवढे उचलले आणि जोडपं विसरले. पॉइंट्सनी अंथरूण घडी करायला शिकवता येतं. पण ज्या मुलाकडे सोमवारीच सगळे पॉइंट्स संपले त्याच्याकडे मंगळवारी गमवायला काहीच उरत नाही, आणि असं पोर सगळ्यात धोक्याचं. ठेवायचीच तर रोज नव्याने सुरू होणारी ठेवा.

काही गोष्टी शिक्षा म्हणून कधीच काढून घ्यायच्या नाहीत: जेवण, झोप, घरच्यांचा फोन किंवा भेट, औषध, शाळा. खोलीत कोंडायचं नाही. सगळ्यांसमोर अपमान नाही, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा नाही. आणि काउन्सेलरला त्याने जे सांगितलं ते भांडणात त्याच्या तोंडावर मारायचं नाही, हे एकदा जरी झालं तरी तो परत तोंड उघडत नाही.

धाक दाखवून सुधारतील असं वाटत असेल तर त्याचाही इतिहास आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा कार्यक्रम सुरू झाला, खूप गाजला, पण संशोधक अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांचे नीट केलेले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की काहीच न केलेल्या मुलांपेक्षा ही मुलं जास्त गुन्ह्यात अडकतात. आणि अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००७ मध्ये बूट कॅम्प, रानावनातले कार्यक्रम अशा खासगी ठिकाणांबद्दल जो अहवाल दिला त्यात छळाचे हजारो आरोप होते आणि मुलांचे मृत्यूही. पालक हताश होऊन अशाच जागा शोधतात. कृपा करून नको.

जे काम करतं ते म्हणजे भरपाई. प्लेट फोडली तर तुकडे गोळा करायला आपण त्याच्यासोबत खाली बसायचं, दार मोडलं तर दुरुस्त करताना स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात. भरपाई चुकीशी संबंध असलेली, थोड्या वेळाची आणि संपणारी हवी. संपली की विषय खरंच संपला पाहिजे.

पायरी ५: डोकं फिरतं तेव्हा

हा भाग सावकाश वाचा, आणि फक्त वाचून पुरणार नाही, टीमने उभं राहून प्रॅक्टिस करायला हवी, एकाने मुलगा व्हायचं आणि एकाने स्टाफ.

भडका अचानक उडत नाही. आधी काहीतरी लागतं, फोन आला नाही, शाळेत कोणीतरी आईवरून बोललं, जेवणात त्याचा वाटा संपला. मग शरीर बोलतं: पाय हलतो, जबडा आवळतो, येरझाऱ्या सुरू होतात, किंवा एकदम गप्प होतो. प्रत्येक मुलाच्या खुणा वेगळ्या, त्या त्याच्याशीच बोलून त्याच्या शांत वेळेत लिहून ठेवा, तुझं डोकं फिरायला लागलं की मला कसं कळेल आणि तेव्हा मी काय करू. मुलं याची फार नेमकी उत्तरं देतात. एकाने सांगितलं होतं, सर माझ्याशी बोलू नका, फक्त जिन्यात बसा.

या टप्प्यावरच काम करायचं असतं, नंतर फक्त नुकसान कमी करता येतं. कॉर्नेल विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार झालेल्या थेराप्युटिक क्रायसिस इंटरव्हेन्शन या ट्रेनिंगमध्ये पुढे व्हायच्या आधी मनात काही प्रश्न विचारायला शिकवतात, पहिला प्रश्न स्वतःबद्दल, की मला आत्ता काय वाटतंय. मला हा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडला. माझा अपमान झालाय असं वाटत असेल तर मी पुढे जायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं. मुलासमोर हरलो असं वाटणाऱ्या मोठ्या माणसाने जेवढी मुलं दुखावलीत तेवढी मी दुसऱ्या कशाने दुखावलेली बघितली नाहीत.

समोर गेलात तर सरळ छातीसमोर उभं राहू नका, थोडं तिरकं, दोन हात अंतर, हात दिसतील असे. दार त्याच्या बाजूला मोकळं असू दे, त्याला निघून जाता आलं पाहिजे. शक्य असेल तर खाली बसा. एकच माणूस बोलेल, हळू, छोटी वाक्यं. बाकीच्या मुलांना दुसरीकडे न्या, कारण बघणारे असतील तर त्याला माघार घेता येत नाही. शांत हो, शांत हो म्हणू नका, त्याने आजवर कोणी शांत झालेलं नाही. 'तुला खूप राग आलाय, दिसतंय मला, मी इथेच आहे' एवढं पुरे. मग गप्प बसा. गप्प बसणं शिकायला मला दोन वर्षं लागली. काही मागणी करायचीच असेल तर दोन पर्याय द्या, दोन्ही खरंच चालतील असे, आणि ठरवायला वेळ देऊन नजर बाजूला घ्या. शिव्यांना उत्तर द्यायचं नाही. त्या आपल्याला नसतातच, आणि असल्या तरी त्याचं नंतर बघू.

धरायची वेळ फक्त एकाच कारणाने येते: आत्ता, या क्षणी, कोणाला तरी गंभीर इजा होणार आहे. सामान फुटतंय, ऐकत नाही, शिवी दिली, ही कारणं नाहीत. आणि धरायचं तर ट्रेनिंग घेतलेल्यांनीच, शक्य तितका कमी वेळ. पालथं पाडून धरू नका, कधीच. पाठीवर, छातीवर, मानेवर वजन नको, अशा धरण्यात श्वास कोंडून मुलं मेलेली आहेत. एकाचं काम फक्त त्याचा चेहरा आणि श्वास बघणं. 'श्वास घेता येत नाही' म्हणाला की सोडायचं, तो बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे असा हिशोब करणारे चुकतात. दमा, जास्त वजन, अंगात नशा असेल तर धोका अजून जास्त. नंतर डॉक्टरकडून तपासणी, लेखी नोंद, घरच्यांना आणि बाहेरच्या देखरेख करणाऱ्याला त्याच दिवशी कळवणं. ज्या घरात धरायच्या घटना दर महिन्याला वाढत जातात तिथे गडबड मोठ्यांमध्ये शोधा.

शांत झाल्यावर लगेच समजवायला बसू नका. शरीर खाली यायला वेळ लागतो, कधी तास, कधी त्याहून जास्त. पाणी द्या, काहीतरी खायला द्या. मग बोला, आणि ते काउन्सेलरच्या पुढच्या मंगळवारच्या अपॉइंटमेंटमध्ये नाही, तर त्याच दिवशी, जो तिथे होता त्याने. मानसतज्ज्ञ फ्रिट्झ रेडल यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये पायोनियर हाऊस नावाचं अगदी छोटं घर चालवलं, अतिशय आक्रमक मुलांसाठी, आणि तिथल्या कामातून या जागच्या जागी बोलण्याची पद्धत पुढे आली, तिला लाइफ स्पेस इंटरव्ह्यू म्हणतात. आधी त्याची गोष्ट, पूर्ण, मध्ये न दुरुस्त करता. मग काय आधी झालं, काय नंतर झालं हे क्रमाने लावायचं, बऱ्याच मुलांना तो क्रम खरंच आठवत नसतो. मग पुढच्या वेळी हेच झालं तर काय करून बघशील. आणि शेवटी परत जेवणाच्या टेबलावर किंवा खेळात त्याला सोबत घेऊन जा, एकटा जायला लावू नका, सगळ्यांच्या नजरा झेलत आत शिरणं त्याला फार अवघड जातं.

पायरी ६: जो आवाज करत नाही

सगळा वेळ फोडाफोड करणारा घेतो आणि गप्प बसणारा मागे राहतो. रोज शिफ्ट बदलताना होणाऱ्या हँडओव्हरमध्ये प्रत्येक मुलाचं नाव घेतलं गेलंच पाहिजे, आज काही झालं नाही असं असलं तरी.

जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, विचारल्याने बहुतेक वेळा सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, धारदार वस्तू, दोऱ्या, औषधं दूर करायची आणि त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांकडे न्यायचं. जी मुलं सामान वाटून टाकायला लागतात किंवा बरेच दिवस खूप खराब असून एकदम शांत, हलकी दिसायला लागतात, त्यांच्याकडे ताबडतोब लक्ष द्या.

मुलगे अत्याचाराबद्दल सांगत नाहीत, सांगितलं तरी वर्षांनी, अर्धवट, गाडीत शेजारी बसलेले असताना किंवा भांडी घासताना, म्हणजे जेव्हा डोळ्यात बघायला लागत नाही. सांगायला लागला तर हातातलं काम चालू ठेवून ऐका. कोणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नका, ते मोडावं लागेल. खोदून विचारू नका, तो तपास दुसऱ्यांचं काम आहे. तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, आणि आता मी कोणाला सांगणार आहे, हे तिन्ही सांगा. मग लगेच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

नशेबद्दल एकच: दारू किंवा झोपेच्या-शांत करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्या मुलाने ते अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, फिट येऊ शकते, म्हणून हे डॉक्टरच्या देखरेखीतच करायचं.

पायरी ७: घरचे

घरच्यांवर चिडायला कारणं भरपूर मिळतात. तरी मुलासमोर एक शब्दही वाईट बोलू नका, तो दिवसभर शिव्या देईल पण तुम्ही दिलेली सहन करणार नाही. अठरा झाल्यावर बरेच जण तिथेच परत जातात, मग आपण पहिल्या महिन्यापासून त्या दाराशी बोलत राहायला हवं. कोर्टाने किंवा सुरक्षिततेसाठी मनाई केली असेल ते सोडून, फोन ठरलेल्या वेळी, आणि आई-वडील फोन करायला विसरतात हे माहीत असेल तर अर्धा तास आधी आपण त्यांना आठवण करायची. भेटीच्या आदल्या रात्री आणि भेटीनंतर रात्री जास्त माणूस ठेवा, तेव्हाच भडके उडतात, भेट चांगली झाली तरी.

पळून गेला तर शोधा, कळवायचं तिथे लगेच कळवा, आणि परत आला की पहिलं वाक्य 'आलास, बरं झालं, जेवलास का' हेच. दुसऱ्या दिवशी, शक्यतो घराबाहेरच्या एखाद्या माणसाने, विचारावं की कशापासून पळालास आणि कोणाकडे गेलास. इथे कोणी छळतंय का आणि बाहेर कोणी वापरून घेतंय का, दोन्ही शक्यता खऱ्या असतात.

पायरी ८: स्टाफ

मी आतापर्यंत जेवढं लिहिलं ते दमलेल्या माणसाला जमत नाही. चोवीस तासांची सलग ड्युटी, एकटा माणूस, महिनोन्महिने सुट्टी नाही, आणि मग आपण म्हणतो की त्याने हात का उचलला. घेताना मी एक प्रश्न विचारतो: तुम्हाला शेवटचा खूप राग कधी आला होता आणि तुम्ही काय केलंत. राग येतच नाही म्हणणाऱ्याला मी घेत नाही.

शिफ्ट बदलताना पंधरा-वीस मिनिटं दोन्ही शिफ्ट एकत्र हव्यातच. दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाला सीनियरसोबत तासभर, कामाचा हिशोब द्यायला नाही, मनावर काय बसलंय ते बोलायला, कारण ही पोरं जे भोगून आलीत ते ऐकून ऐकून माणसाची स्वतःची झोप उडते. आणि कोणी नोकरी सोडत असेल तर मुलांना आधी सांगून, नीट निरोप घेऊन जाऊ दे. गुपचूप गायब झालेली माणसं त्यांच्या आयुष्यात आधीच खूप आहेत.

बाहेरची नजर घरात येऊ द्या. इंग्लंडमध्ये डॉर्सेटला १९१३ मध्ये होमर लेन यांनी अडचणीतल्या मुलांसाठी लिटल कॉमनवेल्थ नावाचं घर सुरू केलं, मुलं स्वतःचे नियम स्वतः करायची, स्वतःचं कोर्ट चालवायची, काळाच्या किती पुढचं, आणि १९१८ मध्ये लेन यांच्यावरच्या आरोपांनंतर ते बंद झालं. मुलांची आठवड्याची मीटिंग घ्याच, तिथे ठरलेलं पाळा. पण एका प्रभावी माणसाभोवती फिरणारं घर, मग तो माणूस कितीही चांगला असो, मला भीतीदायक वाटतं. मुलांना घराबाहेरच्या कोणाला तरी, आपल्याला न विचारता, फोन करता आला पाहिजे.

रजिस्टर लिहिताना हे धरून लिहा की तो तिसाव्या वर्षी येऊन ते वाचणार आहे. 'मॅनिप्युलेटिव्ह', 'अटेन्शन सीकिंग' असे शब्द नकोत, काय झालं ते लिहा. आणि चांगलं झालेलंही, आज पहिल्यांदा तो लहान मुलाला सायकल शिकवत होता, हे पण रजिस्टरमध्येच.

पायरी ९: जाण्याची तयारी

शाळा किंवा कामाचं शिक्षण सुरुवातीपासून चालू हवंच, आणि ते शक्य तिथे घराबाहेर, साध्या मुलांमध्ये. तिथल्या एका शिक्षकाशी तरी आपली ओळख असावी जो काही झालं तर पोलिसांआधी आपल्याला फोन करेल.

अठरावा वाढदिवस ही बऱ्याच ठिकाणी एक तारीख असते आणि त्या तारखेला सगळं एकदम संपतं. स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांना तरी अठराव्या वर्षी कोण बाहेर काढतं. म्हणून काही देशांनी हे वय पुढे नेलं, अमेरिकेने २००८ च्या कायद्याने राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत आधार द्यायची वाट दिली, इंग्लंडने २०१४ मध्ये सांभाळणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबात एकविसाव्या वर्षापर्यंत राहू देण्याची तरतूद केली. तुमच्याकडे नियम काय आहे ते सोळाव्या वर्षीच बघून ठेवा आणि वाढवून मिळत असेल तर अर्ज वेळेत करा.

सोळा-सतराला हातात थोडे पैसे देऊन आठवड्याची खरेदी त्याला करू द्या, चुकू द्या, आपण आहोत तोवर चुकलेलं बरं. बँक, ओळखपत्रं, डॉक्टरकडे एकट्याने जाणं, भाड्याच्या करारात काय वाचायचं, सगळं प्रत्यक्ष करून. कागदपत्रांचे दोन संच, एक त्याच्याकडे आणि एक आपल्याकडे, कारण त्याच्याकडचा हरवणार.

जायच्या आधीच्या महिन्यात तो परत बिघडेल, जुनी शिवीगाळ, एखादं दार. घाबरू नका आणि जाणं पुढेही ढकलू नका, रोजचं वेळापत्रक तसंच चालू ठेवा. त्याचे इथले फोटो, शाळेची कागदं, कोणी लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात भरून द्या, बऱ्याच मुलांकडे स्वतःचा लहानपणीचा एकही फोटो नसतो.

आणि फोन आपण करायचा, त्याच्या फोनची वाट बघायची नाही. गेल्यावर तिसऱ्या दिवशी, मग दर आठवड्याला तीन महिने, मग महिन्यातून एकदा वर्षभर, आणि वाढदिवसाला. हे कॅलेंडरमध्ये ज्याने करायचंय त्याच्या नावासकट तो निघायच्या आधीच लिहा आणि त्याला ते पान दाखवा. त्याने फोन उचलला नाही तर मेसेज टाकून ठेवा, आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी परत लावा.